नॉर्स धर्तीच्या कॅम्पेनसाठी जमाती आणि जीव कसे निवडायचे

रोलप्लेइंग खेळात नॉर्स, म्हणजे जुन्या स्कॅन्डिनेव्हियन कथांवर बेतलेलं कॅम्पेन (अनेक सेशनांत चालणारी सलग कथा) चालवायचं ठरलं की बहुतेक नवे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) आधी मॉन्स्टरचं पुस्तक उघडतात आणि त्यातलं बर्फात शोभेल ते सगळं उचलतात: फ्रॉस्ट जायंट, विंटर वुल्फ, पांढरा ड्रॅगन, यती. खेळाडूंना पुस्तकातल्या झाडून सगळ्या रेस (जमाती) खुल्या करतात. तीन-चार सेशन झाली की जाणवायला लागतं की हे नेहमीचंच कॅम्पेन आहे, फक्त थंडी वाढली आहे.

असं होण्याचं कारण साधं आहे. जुन्या नॉर्स कथांमध्ये एखादा जीव ओळखला जातो तो त्याच्या जागेवरून आणि माणसांशी चालणाऱ्या त्याच्या व्यवहारावरून. तो किती उंच आहे, त्याला नखं किती, हे त्या कथा पुष्कळदा सांगतही नाहीत. म्हणून निवडीचा क्रम उलटा करा: आधी जागा, मग तिथला जीव, मग त्याचा व्यवहार, आणि आकडे सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत. दुसरी सिस्टीम वापरत असाल तर पायरी १ ते ५ त्यांतले आकडे सोडून तशाच चालतील.

हाताशी काय हवं

- सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, म्हणजे खेळाचे मूळ नियम. जानेवारी २०२३ पासून हे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतं. खाली ज्या मॉन्स्टरचे आकडे दिले आहेत ते सगळे यात आहेत.
- आइसलंडच्या स्नोरी स्टुरलुसनने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या गद्य एड्डाचा (नॉर्स देवकथांच्या पुस्तकाचा) पहिला भाग, 'गिल्फागिनिंग'. दोन संध्याकाळी पुरतात.
- ग्रेटिरची सागा आणि एयरबिग्या सागा, या दोन जुन्या आइसलंडी गद्यकथा. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भाषांतरं कॉपीराइटमुक्त आहेत आणि नेटवर सापडतात.
- नकाशासाठी ए३ आकाराचा एक कागद आणि १२ कोरी कार्डं.
- खेळाडूंबरोबर दोन तासांचं सेशन झिरो, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बोलणी.

१. आधी थर ठरवा

'नॉर्स' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या काळांचा माल येतो.

देवकथांचा थर: ओडिन आणि थोर हे देव, महाकाय लांडगा फेनरिर, विश्वाला वेढून बसलेला महासर्प यॉर्मुनगांडर. इथे सगळं प्रचंड आहे आणि शेवट ठरलेला आहे.

सागांचा थर: साधारण ८७० ते १०३० या काळातली शेतकरी कुटुंबं, त्यांची वैरं, त्यांचे खटले. या सागा तेराव्या-चौदाव्या शतकात लिहिल्या गेल्या. यात अद्भुत गोष्टी थोड्या आहेत, पण ज्या आहेत त्या घराच्या दारापर्यंत येतात.

लोककथांचा थर: मोठ्या नाकाचे ट्रोल, गोठ्यातला बुटका राखणदार निस्से, शेपटीची वनस्त्री हुल्द्रा, पाण्यातला नोक. नॉर्वेत या कथा अस्ब्योर्नसेन आणि मो यांनी १८४० च्या दशकात छापल्या. म्हणजे व्हायकिंग काळानंतर आठेकशे वर्षांनी.

एक थर मुख्य धरा आणि बाकीच्या दोन्हींतून मिळून फार तर दोन जीव उसने घ्या. हे बंधन पाळलं नाही तर मापं बिघडतात. ज्या टेबलावर काल फेनरिर दिसला, तिथे आज गोठ्यातल्या निस्सेचा राग कोणाला मोठा वाटणार?

पहिल्यांदा चालवत असाल तर सागांचा थर घ्या आणि लेव्हल (पात्रांच्या ताकदीची पायरी) १ ते ६ पर्यंत त्यातच राहा. देवकथा लेव्हल ७ नंतर उघडा. नऊ जगं एकदम दाखवण्याचा मोह टाळा. जगं नऊ आहेत असं जुनी काव्यं म्हणतात, पण त्यांची पूर्ण यादी कुठेच देत नाहीत. तुम्हीही दोनच दाखवा आणि बाकीची खेळाडूंना फक्त ऐकू द्या.

२. जागा कागदावर आणा

आइसलंड की नॉर्वे, हे इथे ठरवायचं. आइसलंडमध्ये लांडगे नाहीत, अस्वलं नाहीत, सापही नाहीत. माणसं तिथे पोचली तेव्हा जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच होता, ध्रुवीय कोल्हा. क्वचित एखादं पांढरं अस्वल हिमखंडावरून वाहत येतं, आणि ती एका अख्ख्या सेशनची घटना होऊ शकते. लांडग्यांची टोळी, तपकिरी अस्वलं, घनदाट जंगल हवं असेल तर नॉर्वे किंवा स्वीडन घ्या. काल्पनिक जग असलं तरी या दोनपैकी एकाचा निसर्ग मनात धरा. मग जंगलात काय भेटेल, याचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागत नाही.

आता एक खोरं काढा, एका दिवसाच्या चालीत मावेल एवढं, २५ ते ३० किलोमीटर. त्यात सहा जागा मांडा: शेतघर, पूर्वजांचा दफन-टेकाड, उन्हाळी चराईची माळरानं, धबधबा किंवा तळं, फ्योर्ड (डोंगरांमधली खाडी) आणि समुद्र, डोंगर आणि हिमनदी. प्रत्येक जागेला एक जीव. सहा जागा, सहा जीव, आणि वर दोन-तीन फिरते. पहिल्या दहा सेशनांना एवढं भरपूर होतं.

ऋतूही आत्ताच ठरवून टाका. उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोच्या आसपास मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. उन्हाने दगड होणारे ट्रोल तुमच्या कथेत असतील तर सगळं गणित यावर फिरतं. उन्हाळ्यात ते गुहेबाहेर येऊ शकत नाहीत. हिवाळ्यात त्यांना सात आठवडे मोकळं रान मिळतं.

३. खेळाडूंच्या जमाती: पाचच्या वर नको

माणूस. कमीत कमी अर्धं टेबल माणसांचं असू द्या. सागा माणसांच्याच आहेत आणि कुळ, वैर, कर्ज, विधिसभा हे सगळं माणसांच्या पात्रांवरच नीट बसतं.

ड्वॉर्फ. जुन्या काव्यांत ड्वॉर्फ बुटके असल्याचं ठासून कुठे सांगितलेलं नाही. ते कारागीर आहेत. थोरचा हातोडा, ओडिनचा भाला, दर नवव्या रात्री आठ नवी कडी गाळणारं ड्राउपनिर कडं, सगळं त्यांच्या भट्टीतलं. व्यवहाराचा नियम असा ठेवा की ड्वॉर्फकडून जबरदस्तीने घेतलेल्या वस्तूला शाप चिकटतो. टिर्फिंग ही तलवार अशीच धमकावून घडवून घेतलेली. म्यानातून निघाली की एक बळी घेतल्याशिवाय राहत नाही. पुस्तकातले आकडे आहेत तसे वापरा. उन्हाने दगड होण्याची गोष्ट ऑल्विस या एका ड्वॉर्फबद्दल एका काव्यात येते. ती खेळाडूंवर लादू नका. दिवसा खेळता न येणारं पात्र दुसऱ्या सेशनलाच बाद होतं.

अर्ध-ट्रोल. याला सागांचा भक्कम आधार आहे. हाल्ब्योर्नला लोक 'अर्धा ट्रोल' म्हणत, आणि कवी-योद्धा एगिलचा आजा क्वेल्डुल्फ संध्याकाळ झाली की चिडखोर व्हायचा, तो रूप बदलतो असं गाव म्हणायचं. हाफ-ऑर्कचे आकडे न बदलता घ्या. शून्य हिट पॉइंटवर (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) जाण्याऐवजी एकदा १ वर टिकून राहण्याची त्यांची क्षमता इथे चपखल बसते. ऑर्क हे नाव आणि त्यांच्या टोळ्या मात्र यादीतून काढा.

योटुनच्या वंशाचा. योटुन म्हणजे फक्त प्रचंड राक्षस असं धरू नका. ओडिनची आई बेस्टला योटुन कुळातली, थोरची आई योर्ड तशीच, स्काडी आणि गेर्ड या देवांच्या बायका होऊन आल्या. देव आणि योटुन एकमेकांचे सोयरे आहेत, म्हणून तर त्यांची भांडणं इतकी कडवट. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमधला गोलायथ यासाठी तयारच आहे: फ्रॉस्ट वंश घेतला की फटका बसलेल्याला १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाइतकं) थंडीचं जादा नुकसान होतं आणि त्याचा वेग १० फुटांनी घटतो. जुन्या नियमांच्या टेबलावरही तो चालतो, कारण त्याच्या क्षमता मोजक्या आहेत.

वाल्किरीच्या, म्हणजे रणात कोण मरणार ते निवडणाऱ्या ओडिनच्या दासीच्या, वंशाचा. हवा असेल तरच, आणि टेबलावर एकच. आसिमार या स्वर्गीय वंशाच्या जमातीचे आकडे घ्या. पंख दिसले की त्या पात्राच्या आसपास कोणीतरी मरणार, असं खेडूत मानतात. खेळाडूला हे आधीच सांगा आणि गावकऱ्यांना तसंच वागवा.

एल्फबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. नॉर्स आल्फ हा जंगलातला तिरंदाज नाही. तो टेकाडाशी, जमिनीच्या सुपीकपणाशी आणि मेलेल्या पूर्वजांशी जोडलेला आहे. त्याला घरोघरी बळी दिला जाई. सिग्वात्र हा राजकवी १०२० च्या थोडं आधी स्वीडनमधून जात असताना त्याला दारातूनच परत पाठवलं गेलं, कारण आत आल्फांचा विधी चालू होता आणि परक्याला प्रवेश नव्हता. म्हणून एल्फ ही खेळाडूंची जमात ठेवू नका; तो डीएमच्या हातातला जीव असू द्या. एखादा खेळाडू हटूनच बसला तर हाय एल्फचे आकडे द्या आणि एकच अट घाला: त्याचं एक टेकाड आहे, वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर, तिथे परतावंच लागतं.

स्नोरी उजळ आल्फ आणि काळोखे आल्फ असा भेद करतो, आणि ड्वॉर्फांनाही स्वार्टआल्फहाइममध्ये ठेवतो. काळोखे आल्फ आणि ड्वॉर्फ एकच धरा. एक जमात वाचते आणि कोळी-किड्याची पूजा करणारे ड्राऊ (पुस्तकातले काळे एल्फ) या जगात येत नाहीत.

ड्रॅगनबॉर्न, टीफ्लिंग, नोम नाहीत म्हणून कोणी हिरमुसला तर आकडे द्या, नाव बदला. फाफनिर हा ह्रेडमारचा मुलगा. सोन्याच्या लोभापायी तो सर्प झाला. शापित खजिन्याला हात लावलेल्या घराण्यातला, अंगावर खवले उगवलेला माणूस म्हणून ड्रॅगनबॉर्न सहज खपतो.

४. प्रत्येक जीवाचं कार्ड

कार्डावर चारच ओळी लिहा: कुठे राहतो, त्याला काय हवं आहे, त्याचा नियम काय, त्याचा निपटारा कसा होतो. चौथी ओळ 'हिट पॉइंट संपवून' एवढीच होत असेल तर तो जीव बाद करा. सागांच्या थरासाठी माझी निवड अशी:

शेतघर: निस्से. लोककथांतून उसना. नाताळच्या रात्री लापशी आणि तिच्यावर लोणी हा त्याचा हक्क. नॉर्वेतल्या एका कथेत लोणी वाडग्याच्या तळाशी गेलेलं असतं. वर दिसलं नाही म्हणून तो चिडून गाय मारतो आणि नंतर तळाशी लोणी सापडतं. लढायला देऊ नका. त्याच्याशी तडजोड करायची असते.

टेकाड: ड्राउगर, म्हणजे उठून फिरणारं प्रेत. याला पुढची अख्खी पायरी दिली आहे.

चराईचं माळरान: लांडगे आणि परागंदा माणसं. आइसलंडमध्ये विधिसभेने हद्दपार ठरवलेल्या माणसाला कोणीही मारलं तरी दंड नसे. असे तिघे-चौघे चोरून मेंढ्या मारत असतील तर तो सगळ्यात चांगला पहिला शत्रू, कारण त्यांच्याशी बोलता येतं.

पाणी: नोक किंवा नायकुर. आइसलंडचा नायकुर हा करडा घोडा, खूर उलटे. पाठीवर बसलं की तळ्यात नेतो. वॉरहॉर्सचे आकडे, वर चिकटण्याचा नियम: उतरायला स्ट्रेंग्थ सेव्ह, डीसी १३ (फासा आणि ताकदीचा बोनस मिळून किमान १३ यावेत). खूर उलटे आहेत हे आधी एकदा चिखलातल्या ठशांतून दाखवा, नाहीतर खेळाडूंना तो अन्याय वाटतो.

समुद्र: रान ही समुद्रदेवता आणि तिचं जाळं, म्हणजे वादळ. हाफगुफा, म्हणजे बेट वाटावं एवढा जीव. दोन्ही संकटं म्हणून चालवा, मॉन्स्टर म्हणून नको. क्राकेन पुस्तकात चॅलेंज रेटिंग (जीव किती अवघड त्याचा आकडा) २३ चा आहे. सागांच्या थरात त्याला जागा नाही.

डोंगर: योटुन. भेट झाली की लढाई, असं करू नका. उटगार्डच्या लोकी या योटुन राजाकडे थोरला स्पर्धा खेळाव्या लागल्या आणि प्रत्येक स्पर्धेमागे भूल होती: उचलायला दिलेलं मांजर हे खरं तर यॉर्मुनगांडर, कुस्तीला आलेली म्हातारी म्हणजे खुद्द म्हातारपण. लेव्हल ३ च्या खेळाडूंना तीन स्पर्धा द्या, त्यातली एक जिंकता न येणारी. किती जवळ पोचले यावर पाहुणचार ठरवा.

फिरते जीव: भूमिरक्षक आत्मे, म्हणजे लांडव्हेटिर. जुन्या आइसलंडी कायद्याप्रमाणे किनारा दिसू लागला की जहाजाच्या नाळेवरचं ड्रॅगनचं डोकं काढून ठेवायचं, नाहीतर हे आत्मे बिथरतात. यांना स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) देऊ नका. डोकं काढलं नाही तर त्या खोऱ्यात एक हंगाम मासळी नाही, इतका थेट परिणाम ठेवा.

५. एक जीव पूर्ण उभा करून बघू: ड्राउगर

मराठी टेबलावर ड्राउगर म्हटलं की खेळाडू भूत समजतात आणि आरपार जाईल म्हणून वाट बघत बसतात. पहिल्याच वर्णनात स्पष्ट करा की हे फुगलेलं, काळंनिळं, बैलालाही ओढायला जड असं प्रेत आहे, आणि त्याच्याशी झोंबाझोंबी करावी लागते.

आधाराला वाइट (इंग्रजीत wight, पुस्तकातलं एक उठलेलं प्रेत) घ्या: चॅलेंज रेटिंग ३, आर्मर क्लास (त्याला घाव लागायला गाठायचा आकडा) १४, हिट पॉइंट ४५. बदल असे:

- धनुष्य काढून टाका.
- स्ट्रेंग्थ १५ ऐवजी १८ करा. हल्ला +६ होतो, तलवारीचं नुकसान १डी८+४.
- हिट पॉइंट ६६ करा. हे त्याच्याच फाशांचं कमाल मूल्य आहे. चार खेळाडूंसमोर तो एकटा असतो. ४५ वर लढाई रंगायच्या आत संपते.
- दोन हल्ल्यांपैकी एकाच्या जागी त्याला पकडू द्या. पकडलेल्यावर लाइफ ड्रेन (जीवशक्ती शोषणारा हल्ला) आपोआप लागू नये. हल्ल्याचा फासा टाकाच.
- साध्या हत्यारांचं नुकसान अर्धं होतं, ते तसंच ठेवा. खेळाडू कुस्तीकडे वळायला हवे असतील तर हाच नियम त्यांना वळवतो.

त्याचं येणं घाईत उरकू नका. ग्रेटिरच्या सागेतला ग्लाम हा ड्राउगर रात्री छपरावर चढून घोड्यासारखा बसायचा आणि टाचांनी ठोके द्यायचा. सगळं घर करकरायचं. खेळाडूंना आत, अंधारात, फक्त तो आवाज ऐकवा. एक फेरी छपरावर, एक फेरी दाराशी, मग आत. या दोन फेऱ्यांत त्यांनी काय तयारी केली ते लिहून ठेवा आणि त्याचा त्यांना फायदा द्या.

मरताना ग्लामने ग्रेटिरला शाप दिला की माझे डोळे तुला कायम दिसत राहतील, आणि ग्रेटिर आयुष्यभर अंधारात एकटा राहू शकला नाही. नियम असा करा: शेवटचा घाव घालणाऱ्याने विझ्डम सेव्ह करायची, डीसी १३. चुकली तर अंधारात एकटं असताना हल्ल्यांवर आणि चाचण्यांवर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा). जोडीला एक माणूस असला की शाप लागू नाही. पार्टी फुटू नये यासाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

आता निपटारा. तीन वाटा ठेवा.

पहिली: डोकं कापून मांड्यांशी ठेवायचं, प्रेत जाळायचं, राख समुद्रात टाकायची किंवा माणसा-गुरांच्या वाटेपासून दूर पुरायची. राख इकडेतिकडे पडू दिली तर एयरबिग्या सागेतलं उदाहरण वापरा: थोरोल्फची राख दगडांवर उडाली, ते दगड एका गाईने चाटले, तिला झालेल्या बैलाने पुढे धन्याला शिंगावर घेऊन मारलं. पाच-सहा सेशनांनंतर तो बैल आणा.

दुसरी: आधीच काळजी. प्रेताच्या समोर उभं न राहता मागून जाऊन डोळे मिटायचे, मग भिंत फोडून त्या भगदाडातून प्रेत बाहेर न्यायचं आणि भिंत पुन्हा बांधायची. रोजच्या दाराने त्याला परतीची वाट सापडते. गावात कोणी वाईट माणूस मरायला टेकला असेल तर हे काम खेळाडूंना द्या.

तिसरी मला सगळ्यात आवडते. एयरबिग्या सागेत फ्रोडा या शेतावर बुडालेले आणि रोगाने मेलेले लोक रोज संध्याकाळी येऊन शेकोटीपाशी बसत. शेवटी घरच्यांनी दारातच न्यायसभा भरवली, एकेका मेलेल्यावर रीतसर आरोप ठेवला, निकाल दिला, आणि एकेक जण उठून निघून गेला. चालवताना प्रत्येक मृतासाठी एक चाचणी घ्या: आरोप मांडणाऱ्याची पर्सुएशन किंवा हिस्टरी, डीसी १२ पासून सुरू, दर मृतामागे १ ने वाढती. साक्षीदार आणला तर अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला जास्त तो). एकही तलवार न उपसता हे सेशन दोन तास रंगतं.

६. बाकीच्यांचे आकडे

ट्रोल. पुस्तकातला पुन्हा पुन्हा जुळून येणारा ट्रोल नॉर्स कथांतला नाही. रीजनरेशन काढा, त्याच्या बदल्यात हिट पॉइंट ८४ वरून ११४ करा (तीन फेऱ्यांत १०-१० भरले असते, तेवढेच). उन्हात त्याची पाळी सुरू झाली की तो दगड. मग लढाई 'पहाटेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवा' अशी होते, आणि तीच हवी आहे.

बेरसर्कर ही जमात नाही, बेभान होऊन लढणाऱ्या माणसाची अवस्था आहे. पुस्तकातला बेरसर्कर, चॅलेंज रेटिंग २, हिट पॉइंट ६७, जसाच्या तसा चालतो. आइसलंडच्या ख्रिस्ती काळातल्या कायद्यात बेरसर्क होण्याला तीन वर्षं हद्दपारीची शिक्षा होती. तुमचा बार्बेरियन खेळाडू गावात रेज (बेभान होण्याची क्षमता) वापरत असेल तर हा कायदा त्याच्या कानावर घाला.

सर्प-ड्रॅगन. फाफनिर विष फुंकतो आणि सरपटत पाण्यावर जातो. यंग ग्रीन ड्रॅगन घ्या (चॅलेंज रेटिंग ८, हिट पॉइंट १३६, विषाचा फुत्कार सरासरी ४२) आणि उडण्याचा वेग काढून टाका. सिगुर्डने त्याच्या वाटेत खड्डा खणून पोटात तलवार खुपसली. खेळाडूंनी खड्डा सुचवला तर पहिला वार आपोआप क्रिटिकल (नुकसानाचे फासे दुप्पट) धरा. लेव्हल ५ च्या आधी आणू नका. फुत्काराखाली त्याखालच्या लेव्हलचा जादूगार उभा राहत नाही.

७. गणित एकदा तपासा

चार खेळाडू धरून:

- लेव्हल १ ला चार लांडगे: प्रत्येकी ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), मिळून २००, संख्येमुळे दुप्पट, ४००. हे नेमकं 'डेडली', म्हणजे नियमांतली सर्वात वरची, जीवघेणी पायरी. तीन लांडगे 'हार्ड'. दोनपासून सुरुवात करा.
- लेव्हल ३ ला एक वाइट: ७०० एक्सपी, मध्यमच्या थोडा वर. त्याच्याबरोबर चार झॉम्बी ठेवले की १८०० आणि 'डेडली'ची १६०० ची रेषा ओलांडली. ड्राउगर एकटाच ठेवा. वर सुचवलेले बदल त्याला पुरेसे जड करतात.
- लेव्हल ५ ला एक फ्रॉस्ट जायंट: ३९०० एक्सपी, कागदावर फक्त 'हार्ड'. पण त्याचे दोन घाव सरासरी २५-२५ चे, आणि कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या जादूगाराकडे हिट पॉइंट साधारण ३२. दोन्ही लागले तर तो पहिल्याच फेरीत पडला. पुस्तकाची पायरी बघून थांबू नका. सर्वात कमी हिट पॉइंटवाल्याला सर्वात मोठा घाव बसला तर काय होतं ते बघा.

८. हमखास होणाऱ्या चुका

सामी लोकांना जमात किंवा मॉन्स्टर करू नका. सागांमध्ये 'फिन' म्हणून येणारे, जादूसाठी नावाजलेले लोक ते हेच. आजही नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियात राहतात. कथेत आणायचे तर शेजारी म्हणून, माणसाच्या आकड्यांवर.

हेल, म्हणजे मृतांचं जग, हा नरक धरून पापी लोक तिकडे पाठवू नका. आजारपणाने किंवा म्हातारपणाने मेलेलेही तिथेच जातात. पलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) खेळाडू असेल तर हे सेशन झिरोमध्येच बोलून घ्या.

नकाशावर, हँडआउटवर चिन्हं काढताना जपा. ओडल रून (रून म्हणजे जुन्या नॉर्स लिपीतलं अक्षर) आणि जोडीने काढलेल्या सिग रून नाझींनी वापरल्या, आणि ओडल आजही तसल्या गटांच्या झेंड्यांवर दिसते. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं की नाझींच्या एसएस दलाच्या सिग रून तिथे जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. शोभेसाठी गाठींची नक्षी पुरेशी आहे.

गुलामगिरी त्या काळात सर्रास होती. टेबलावर ती कितपत येऊ द्यायची ते खेळाडूंना विचारून ठरवा.

९. खेळाडूंच्या हाती एक पान

सेशन झिरोच्या आठवडाभर आधी एकच पान पाठवा: खोऱ्याचा नकाशा, पाच जमाती प्रत्येकी दोन ओळींत, आणि 'सगळ्यांना ठाऊक असलेल्या तीन गोष्टी'. मी सुचवेन त्या अशा: किनाऱ्याला लागताना नाळेवरचं डोकं काढायचं; निस्सेचं लोणी वर दिसेल असं ठेवायचं; मेलेल्याचे डोळे मिटल्याशिवाय त्याच्या समोरून जायचं नाही. यातल्या दोन गोष्टी पहिल्या तीन सेशनांत कामी येतील अशी योजना करा. पानावर मॉन्स्टरची यादी देऊ नका, फक्त जागांची नावं द्या. आणि प्रत्येक खेळाडूकडून सेशन झिरोला एका प्रश्नाचं लेखी उत्तर घ्या: तुमच्या घरातलं कोण त्या टेकाडात पुरलं आहे, आणि त्याचं तुमच्याकडे काय राहिलं आहे? ती उत्तरं ड्राउगरच्या कार्डाला टाचून ठेवा.